टीन बोललं नाही

तानाबाईंनी शिडीच्या वरच्या पायरीवरून छपराच्या टिनाचा शेवटचा कोपरा काथ्यानं घासला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

"मावशी, उतरा आता," टिनावर बसलेला जफर म्हणाला. "तुम्ही पडल्या तं काका मले जिता सोडत नाहीत."

"पडली तं आवाज येईन तुले. तू आपला हात चालव."

शेजारचा जफर गाड्या रंगवायचा. टिनावर तो खिळ्यांच्या रांगेवरच पाय ठेवत होता, कारण खाली आधाराची लाकडी बल्ली तिथंच होती. टीन तापायच्या आत रंगाचा हात मारायचा, म्हणून दोघं बुधवारी उजाडताच कामाला लागले होते.

मागच्या आठवड्यात तानाबाईंनी एकटीनंच हे काम उरकलं होतं. दिवाळीत भिंतींना देतात तसा चुना भिजवून टिनाला फासला. तिसऱ्या दिवशी वावटळ आली, सगळा चुना पिठासारखा उडाला आणि गल्लीभरच्या वाळत्या पापडांवर जाऊन बसला. बायका चार दिवस बोलत होत्या. जफर मात्र हसला नाही. पुसदहून त्यानं हा घट्ट पांढरा रंग आणून दिला.

"हा ऊन पोटात घेत नाही, मावशी. आलं तसं वापस पाठवते."

"पाठवू दे बाप्पा. गुरुवारच्या आत पाठवू दे."

गुरुवारी लेक प्रेरणा जीप घेऊन येणार होती. मागच्या मे महिन्यात याच टिनाखालच्या खोलीत नवऱ्याला, मारोतरावांना, ऊन लागलं होतं. चार दिवस सलाईनवर होते. साखरेनं त्यांचे डोळे तर पाच वर्षांपूर्वीच नेले होते. यंदा लेकीनं निक्षून सांगितलं होतं, मृग लागेपर्यंत बाबा पुसदला, माझ्या स्लॅबच्या घरात. आजारी बापानं लेकीकडे राहिलेलं चालतं. आईनं लेकीच्या सासरी महिना महिना जेवायचं, हे तानाबाईंच्या माहेरीही कोणी केलं नव्हतं आणि सासरीही. बाळंतपणं सोडली, तर सेहेचाळीस वर्षांत दोघं वेगळ्या छपराखाली झोपले नव्हते. बुधवारी मारोतरावांनी चाचपडत आपलं धोतर पिशवीत ठेवलं, थोड्या वेळानं बाहेर काढलं आणि पुन्हा ठेवलं.

गुरुवारी सकाळपासून त्यांनी जेवणाचं नाव काढलं नाही. खाटेवर बसून अंबाडीचा दोर वळत राहिले. रोज साडेदहाला "अवं, भाकर झाली काय?" म्हणणारा माणूस. तानाबाईंनी दोनदा विचारलं.

"इतक्यात कायले?" ते म्हणाले.

जायच्या दुःखानं भूकच मेली, असं समजून तानाबाई चुलीकडे तोंड करून बसल्या. भाकरी फडक्यात तशाच राहिल्या.

प्रेरणा आली तेव्हा तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. जीप लिंबाखाली उभी करून जुनेद ड्रायव्हर आतच थांबला. पावलांचा आवाज ओळखून मारोतरावांनी मान वळवली.

"इतक्या सकाळी कशी निघाली वं माय? चहा तरी घेतला काय?"

प्रेरणानं आईकडे पाहिलं.

"बाबा, दीड वाजला."

"थट्टा करून राह्यली. टीन बोललं नाही अजून."

तानाबाईंचा हात परातीतच थांबला.

ऊन चढलं की टीन फुगायचं, खिळ्यांपाशी तडतड वाजायचं. तानाबाईंना सवयीनं तो आवाज कधीच ऐकू येईनासा झाला होता. डोळे गेल्यापासून मारोतरावांचं घड्याळ मात्र तेच होतं. पहिल्या तडतडीला भाकर, आवाज थांबला की संध्याकाळ. काल टिनावर जफरचे पाय वाजत होते; आज मात्र ते सकाळपासून साडेदहा वाजायची वाट पाहत बसले होते.

प्रेरणानं पदरानं मान पुसली. मग खाटेच्या काठावर पाय देऊन तिनं हात वर केला आणि तळवा टिनाला लावला. चटकन काढून घ्यायच्या तयारीनं लावलेला हात तिथंच राहिला. बराच वेळ.

"आई," ती खाली उतरून म्हणाली, "मलेही वाढ."

जेवताना ती पुसदचं काही बोलली नाही. कोरड्या चटणीवर तेल मागून घेतलं. मारोतराव अजून पहिल्याच भाकरीवर होते; सकाळ लांबल्यासारखे निवांत चावत होते. हात धुऊन प्रेरणा खाटेशेजारी सारवलेल्या भुईवर जरा आडवी झाली, आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तानाबाई लगबगीनं उठल्या, दार मागून ओढून घेत उन्हात गेल्या.

"वाजवू नको रे बाबू. लेकरू झोपलं."

"मंग काकाले केव्हा नेऊन राह्यलो, मावशी?"

तानाबाईंनी कपाळावर हात धरून एकदा घराकडे पाहिलं.

"तू आत ये, पाणी पी," त्या म्हणाल्या. "काका जेवून राह्यले."