वरची मूठ

“आई, ही वरची मूठ कोणासाठी?”

मोजून झाल्यावर आईनं रोज घालायला लावलेली ती मूठ दामिनीच्या हातात अजून बंदच होती. दोन-चार तांदूळ बोटांच्या फटीतून निसटून भाताच्या गंजातल्या पाण्यात तळाशी गेले आणि दामिनी त्यांच्याकडेच पाहत राहिली, कारण आईकडे पाहिलं असतं तर प्रश्न विचारलाच गेला नसता... पैज वर्गातल्या रुचिकाची. मधल्या सुट्टीत डबा उघडला की फोडणीचा भात, सोमवारीही, गुरुवारीही — “काय वं दामिनी, तुमच्या घरी रोज भात उरते काऊन? तुझ्या आईले मोजता येत नाही का? हिंमत असल त विचार!” सगळ्या खिदळल्या होत्या. आणि वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून हिंमतीचं नाव काढलं की दामिनीला गप्प बसवतच नाही.

आई सांबाराची, कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. “पाहुणा आला त?” एवढंच म्हणाली.

पाहुणा! मुर्री गावातल्या या घरी दिवाळीपासून दूधवाल्याशिवाय कोणी आलेलं नाही.

तिनं मूठ सोडली. गॅसशेजारी मिठाच्या बरणीला जाड कादंबरी टेकवलेली होती. थोरल्या बहिणीनं, गुंजनताईनं, गोंदियाच्या बाजारातून जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उपसून आणलेली. दोघींचा नियम असा होता की जिचे हात पिठात तिनं ऐकायचं, दुसरीनं वाचायचं. ताई जमीनदाराचा आवाज असा काढायची की हसता हसता फोडणी जळायची, आई आतून ओरडायची, “स्वयंपाक करून राहिल्या का नाटक?” ...आणि मग दिवाळीनंतर ताईनं देवरीच्या, तिनंच निवडलेल्या मुलाशी लग्न केलं, आणि बाबा म्हणाले, या घरात तिचं नाव निघणार नाही. निघालंही नाही. कादंबरी तेवढी राहिली, एकशे बाराव्या पानावर, खुणेला घातलेल्या तेंदूच्या वाळक्या पानासकट.

त्यानंतर दामिनीनं पहिल्या पानापासून एकशे बारापर्यंत चार वेळा वाचलं. मोठ्यानं, उकळत्या भाताला. जमीनदाराचा आवाज तिला जमत नाही. शाळेत सभागृह दणाणून सोडणारी मुलगी, इथे भाताच्या रटरटीखाली तिचा आवाज दबून जातो. पुढचं पान ती उलटत नाही. एकटीनं उलटलं तर — तर ताई खरोखरच गेली असं होईल, असं काहीतरी... हसण्यासारखंच आहे. मैत्रिणींना हे कधी सांगितलं नाही. त्यांना वाटतं, हिला कसली चिंता!

भात झाला. आईनं वाढून घेतलं आणि मग, रोजच्यासारखंच, गंज कलता करून उलथण्यानं तळाची तांबूस खरवड काढली, एका वाटीत घातली, वर झाकणी ठेवली. दामिनीनं हे किती वेळा पाहिलं असेल? वाटीही रोज तीच, काठाला पोचा आलेली. आज मात्र ती पाहतच राहिली.

पाहुण्याला कोणी खरवड ठेवतं का?

खरवडीवरून दोघी भांडायच्या, ताई नि ती. जिंकायची ताईच. आणि मधल्या सुट्टीत डब्यातल्या भातात दाताखाली कुरकुरायचं ते रात्रीची हीच खरवड... म्हणजे आई मोजायला चुकत नव्हती. याच स्वयंपाकघरात, चार हातांच्या अंतरावर, आईचंही एक पान उलटायचं राहिलेलं होतं, आणि दामिनी इतके दिवस भाताला वाचून दाखवत होती.

आता रुचिकाला काय सांगायचं? पैज जिंकली, पण उत्तर सांगता येणार नाही.

बाबा ताटावर बसले. वरणाची वाटी पुढे ओढली. दामिनीनं कादंबरी बरणीपासून उचलली, मांडीवर घेतली. स्पर्धेत नाव पुकारल्यावर होते तशी ती ताठ झाली, पण इथे टाळ्या वाजणार नव्हत्या.

“बाबा,” ती म्हणाली. आईचा हात झाकणीवरच थांबला. “रविवारी सकाळच्या बसनं मी देवरीले चालली. गुंजनताईकडे. आई, त्या दिवशी खरवड डब्यात भरून दे.”