सरेसचं अस्तर

शनिवारी दुपारी तीनला जगदेव मास्तरांनी सतरावं चित्र खिळ्यावर चढवलं, दोरी सारखी केली आणि चार पावलं मागे येऊन पाहिलं. चित्र किंचित डावीकडे कललं होतं. त्यांनी ते पुन्हा सरळ केलं. उद्घाटन साडेपाचला होतं. अकोल्याहून शिक्षण खात्याचे साहेब यायचे होते.

साल १९७८. मास्तर वाशीमच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. सतरापैकी सहा चित्रं त्यांची होती, अकरा त्यांचा नागपूरच्या कलाशाळेतला मित्र भाऊसिंग राठोड याची. आदल्या वर्षी त्यांनी शाळेच्या वर्गात चित्रं मांडली, तेव्हा हेडमास्तर आणि दोन शिपाई एवढेच पाहायला आले. म्हणून यंदा त्यांनी बाजारगल्लीतल्या जैन धर्मशाळेचा हॉल मागितला. तिथे प्रवचनाला तीनशे माणूस सहज बसे. ट्रस्टी लखमीचंद शेटजींचा पुतण्या अजितकुमार मास्तरांचा दोस्त. अर्ज त्याच्याच हातून गेला होता.

शेटजींनी एकच अट घातली. चामड्याचा तुकडाही आत यायला नको. मास्तरांनी शब्द दिला होता. दारात टेबल मांडलं होतं. पट्टे, पाकिटं, घड्याळाचे पट्टे तिथे उतरवून ठेवायचे होते.

अजितकुमार नावांच्या चिठ्ठ्या घेऊन आला.

"ह्या कायनं चिकटवू, मास्तर?"

"माझ्या थैलीत सरेसची वडी हाये, थे घे अन्..."

मास्तरांचं बोलणं तिथेच थांबलं.

सरेस म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून केलेला चिकटा. सुतार त्यानं लाकूड जोडतात. चित्रकार कापड चौकटीवर ताणलं की आधी त्याचाच हात देतात, म्हणजे कापड तेलरंग पीत नाही. इतकी वर्षं मास्तर तो स्टोव्हवर पातळ करत आले होते. सहा आठवडे त्यांनी लोकांच्या कमरेच्या पट्ट्यांचा विचार केला होता. भिंतीवर काय टांगतोय याचा केला नव्हता.

त्यांनी अजितकुमारला सगळं सांगितलं. तो जाऊन दार लोटून आला.

"कोनाले माहीत हाये हे?"

"तुले अन् मले."

"मंग झालं तर. साहेबाची जीप निघाली असन अकोल्याहून. पत्रिका वाटल्या. काकाजी सोयर्‍याधायर्‍यायले सांगून बसले. आता तुमी तोंड उघडलं तर सगळ्यायचीच फजिती हाये."

"अन् इथं रोज सामायिकाच्या ध्यानाले बसतात त्यायचं?"

"त्यायले नाही ना माहीत," अजितकुमार म्हणाला. "चिठ्ठ्यायले मी खळ आनतो हलवायाकडून."

सव्वाचारला लखमीचंद शेटजी आले. त्यांचा धंदा धान्याचा. माल बघायचा तर पोत्यात परखी घालून तळाचे दाणे काढायचे, हाताला लावायचे, वास घ्यायचा. चित्रंही त्यांनी तशीच बघितली. समोरून फार थांबले नाहीत. भाऊसिंगचं लाल-काळं मोठं चित्र त्यांनी भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि मागची बाजू पाहिली. नखानं कापड खरवडलं. नख नाकाशी नेलं.

मास्तर दोन पावलं पुढे झाले.

"बारदान चांगलं हाये," शेटजी म्हणाले. "याले हे कडक कायनं केलं?"

"मैद्याची खळ, काकाजी," अजितकुमार म्हणाला.

शेटजींनी मान हलवली आणि चित्र सोडून दिलं. ते पुढच्या चित्राकडे वळले.

"आमच्या आईनं जन्मात असं काही पाह्यलं नाही. थे येतो म्हनते. पुढं सतरंजी टाका एक. रंगाले हात लावला तिनं तर रागावू नोका, मास्तर. म्हातारं मानूस हाये."

शेटजींच्या आई गुलाबबाई ऐंशीच्या पुढच्या. चातुर्मासात पालेभाजी सोडणार्‍या, पाणी दोनदा गाळून पिणार्‍या. मास्तरांनी अजितकुमारकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच नको म्हटलं.

"शेटजी," मास्तर म्हणाले, "खळ नाही थे. सरेस हाये."

शेटजींनी सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. रस्त्यावरून सायकलची घंटा वाजत गेली.

"सगळ्यायले?"

"तीन सोडून. त्या टायमाले माझा सरेस संपला होता म्हनून मैद्याची खळ लावली होती."

"हे तुमाले कवा समजलं?"

"तीन वाजता."

शेटजींनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांचा आवाज चढला नाही.

"मंग चौदा बाहीर काढा. तीन राहू द्या."

"साहेब येऊन राह्यले, शेटजी."

"म्हनूनच सांगतो. लवकर काढा."

अजितकुमार भिंतीला टेकून उभा होता. शेटजी त्याच्याजवळून गेले, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मास्तरांनी चित्रं एकेक करून उतरवली आणि रस्त्यापलीकडच्या बंद वखारीच्या भिंतीशी नेऊन ठेवली. नऊ चित्रं नेऊन झाली तोवर पुसदच्या गाडीनं भाऊसिंग उतरला. खांद्याला पिशवी, नवा पांढरा शर्ट. धुळीत टेकवलेलं आपलं लाल-काळं चित्र त्यानं लांबूनच ओळखलं.

"हे काय होय?"

मास्तरांनी दोन वाक्यांत सांगितलं. भाऊसिंग हॉलच्या दारात गेला, आत डोकावला आणि परत आला.

"आत राहनारे तीन कोनाचे?"

"माझे."

"म्हंजे माझे अकरा रस्त्यावर, अन् तुझे तीन आत, साहेबाच्या समोर."

"तुझ्या सगळ्यायले सरेस हाये, भाऊसिंग."

"अन् साफ निघाले थे तुझेच. बरं जमलं, मास्तर. शाळेत तुले हिशेबात कवा इतके मार्क भेटले नसतीन."

सरेसचं खरं होतं, पण बाहेरून बघणार्‍याला भाऊसिंग म्हणाला तसंच दिसलं असतं. अजून पाच चित्रं आत होती. ती आणताना एका चौकटीचा कोपरा दाराला लागला आणि टवका उडाला. भाऊसिंगनं तो टवका उचलून खिशात घातला.

मग मास्तर पुन्हा आत गेले आणि आपलं पहिलं चित्र खिळ्यावरून काढलं.

"थे काहून काढता?" शेटजी खुर्चीवरून उठले. "त्याले मनाई नाही."

"बाहीरच्या चित्रायसोबत लावतो."

"म्हंजे माहा हॉल रिकामा ठेवता? पत्रिकेत धर्मशाळेचं नाव छापलं हाये."

"व्हय, शेटजी. त्याची माफी मागतो."

मास्तरांनी उरलेली दोनही उतरवली. तिन्ही चित्रं काखेत धरून ते दाराशी आले. शेवटी शेटजी दारातून बाजूला झाले.

जीप पाच पस्तीसला आली. साहेब उतरले आणि सवयीनं धर्मशाळेच्या पायर्‍यांकडे निघाले. मास्तरांनी त्यांना रस्ता ओलांडून वखारीकडे आणलं. पश्चिमेचं ऊन सरळ तेलरंगांवर पडून चकाकत होतं. साहेबांना कपाळावर हात धरूनच पाहावं लागत होतं. बाजारातून घरी निघालेली माणसं थांबली. कोणी विचारलं, विकायले हायेत का. कोणी म्हणालं, हे उलटं ठेवलं हाये. भाऊसिंग एका म्हातार्‍याला लाल-काळं चित्र समजावून सांगत होता. मास्तरांशी मात्र तो तेव्हापासून बोलला नव्हता.

वीस मिनिटांनी साहेबांनी दोन शब्द बोलून घेतले. मेडशीला आणखी एक कार्यक्रम होता. जीप गेली.

गर्दी पांगायला लागली तेव्हा शेटजी रस्ता ओलांडून आले. मागून अजितकुमार येत होता. शेटजींनी हातानंच त्याला पलीकडे थांबवलं. ते चित्रांच्या रांगेवरून हळूहळू चालत गेले, शेवटपर्यंत, आणि परत मास्तरांपाशी आले.

"पुढच्या साली हॉल पाह्यजे असन तर अर्ज तुमी सोता घेऊन या," ते म्हणाले. "अजितच्या हातून नोका पाठवू."

वार्‍यानं टोकाचं चित्र पुढे झुकलं. मास्तर आणि भाऊसिंग दोघेही ते धरायला एकदमच धावले.