कोपऱ्यातली दोन अक्षरं

“यात माझं काही नाही,” फिटर म्हणाला आणि मी पुढे केलेल्या कागदावर त्याने सही केली.

तो कागद मीच तयार केला होता. ‘माझ्या संगणकावरील आवश्यक मजकूर मी काढून घेतला असून उर्वरित मजकूर पुसण्यास माझी हरकत नाही.’ खाली नाव, हुद्दा, सही, तारीख. तीस वर्षं ऑफिसात काढली की हरकत नसल्याचे कागद माणूस झोपेतही लिहू शकतो. अकरा टेबलांवरून अकरा सह्या मी एका दिवसात गोळा केल्या, फाईल कपाटात ठेवली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. संगणक इतके म्हातारे की सुरू करून जिन्याखाली जाऊन हातपाय धुऊन आलं तरी पडदा काळाच. नवी मशीन मिळणार नाहीत असं वरून स्पष्ट कळल्यावर जुन्यांवरचं सगळं पुसून लिनक्स ही फुकट मिळणारी हलकी प्रणाली टाकायचं ठरलं. त्यासाठी जे संगणकवाले येत ते पन्नाशीचे, टकलू आणि कमालीचे शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, “बाई, लिनक्स मी टाकतो. पण रोजचं काम कशात करायचं ते तुम्ही ठरवा. लिहायला तीन-चार प्रोग्राम आहेत, मेलला तेवढेच, फोटो बघायला तर विचारू नका. मी ठरवलं तर मला सोयीचं ते ठरवेन.”

साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. मला ऑफिसात मोठ्या बाई म्हणतात. त्यात वयाचा वाटा थोडा आणि तोंडाचा जास्त आहे.

मी माझी एक पद्धत ठरवली. संगणकवाल्यांनी खिडकीजवळच्या एका मशीनवर सगळे प्रोग्राम टाकून दिले. तिथे एकेकाने यायचं आणि काल जे काम केलं तेच आज करून दाखवायचं. मी मागे स्टुलावर वही घेऊन बसणार आणि एक अक्षर बोलणार नाही. हात कुठे अडखळतो तेवढं लिहिणार.

बोलायचं नाही हे मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. तक्रार विभागातल्या मावशींनी मेलच्या पहिल्या प्रोग्राममध्ये पत्र उघडून बंद करायला सात मिनिटं घेतली आणि शेवटी मशीनलाच “अगं बाई, जा ना आता” म्हणाल्या. थंडरबर्डमध्ये मात्र त्यांचा हात बरोबर डाव्या बाजूला गेला. मी लिहिलं: मेलला थंडरबर्ड. नकाशे बघणाऱ्या दोघांनी फोटोचा सगळ्यात साधा प्रोग्राम उचलला, ज्यात मोठं करणं, लहान करणं आणि पुढचं बघणं, एवढंच होतं. मीटरवाल्याने विचारलं, “पत्त्यांचा खेळ आहे का यात?” मी वहीत लिहिलं: आहे, सांगायचं नाही.

लिहायच्या प्रोग्रामवर गाडी अडली होती. एक हलका होता, बटण दाबताच उघडणारा. संगणकवाल्यांचं मत त्याच्या बाजूला होतं. दुसरा लिब्रेऑफिस. आमच्या मशीनवर तो उघडायला वेळ घ्यायचा. मी मनातून हलक्याकडेच झुकले होते.

साहेबांनी एक अट घातली होती. शुक्रवारपर्यंत ज्याला लिनक्सवर स्वतःचं पत्र काढता येणार नाही, त्याला लिखापढीच्या टेबलावर ठेवायचं नाही. ही अट कुणासाठी आहे ते सगळ्यांना समजत होतं. फिटरचे चौदा महिने उरले होते आणि तो दोन बोटांनी टाईप करायचा. “भांडारात जा, पाने-पाईप मोजा, तुमचंच काम आहे ते,” असं साहेब त्याला हसत हसत म्हणालेही होते. फिटरही हसला होता. पण त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर तो टेबलाची खालची फळी ओल्या फडक्याने पुसत बसला होता, हे मी पाहिलं.

ते टेबल आधी वहिनीचं होतं. ती आमची टंकलेखिका. फिटरशी लग्न केल्यापासून ती सगळ्या ऑफिसची वहिनी झाली. तो दिवसभर खड्ड्यात उतरून पाईप जोडायचा, ती वर बसून लोकांच्या तक्रारींना उत्तरं टाईप करायची. नऊ वर्षांपूर्वी ती गेली. त्याच वर्षी खड्ड्याची कड ढासळून फिटरचा गुडघा निकामी झाला. तेव्हाच्या साहेबांना माणुसकी होती. त्यांनी त्याला तिच्या टेबलावर बसवलं.

तेव्हापासून त्याच्याकडून जी पत्रं जातात त्यांची ऑफिसात चेष्टाही होते आणि कौतुकही. बाकीची सरकारी पत्रं ‘आपणास कळविण्यात येते की’ म्हणत सुरू होतात आणि तसंच म्हणत संपतात. फिटरच्या पत्रात मध्येच एक वाक्य असतं: ‘पाणी आलं नाही की घर कसं चालवावं लागतं याची आम्हाला कल्पना आहे.’ लोक ती पत्रं हातात घेऊन भांडायला येतात, पण जिना चढेपर्यंत निम्मे गार झालेले असतात. आणि पत्राच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, दोन लहान अक्षरं असतात.

ज्याने पत्र टाईप केलं त्याने आपल्या नावाची आद्याक्षरं डाव्या कोपऱ्यात टाकायची, ही आमची जुनी रीत. चूक निघाली तर धरायचं कुणाला ते कळावं म्हणून. फिटरच्या पत्रातली ती अक्षरं फिटरची नव्हती, वहिनीची होती. नऊ वर्षं प्रत्येक पत्र तिच्या अक्षरांनी जात होतं. नियमाने ते चूक होतं आणि नियमाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण हे मी पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. मला वाटायचं, हा माणूस रोज आठवणीने ती दोन अक्षरं टाईप करतो, करू दे.

गुरुवारी सकाळी फिटरचं मशीन पुसून त्यावर लिनक्स बसलं आणि दुपारी त्याची पाळी आली. तो गुडघ्यावर हात टेकत बसला. हलका प्रोग्राम पटकन उघडला. पांढरंशुभ्र पान आणि त्यावर लुकलुकणारी एक काडी.

फिटर बघत राहिला. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं झाली, चार झाली. त्याने एकदा माउस हलवला आणि परत मांडीवर हात ठेवले.

माझी मौनाची प्रतिज्ञा तिथे मोडली. “काय झालं दादा? कालचं पत्र काढा ना. टाकीजवळच्या बिल्डिंगचं.”

“हो. पण पत्र कुठंय?”

“कुठलं पत्र?”

“पत्र हो. असतं ना. उघडलं की असतं. मग मी नाव बदलतो, पत्ता बदलतो, तक्रार काय ती लिहितो, दोन प्रती काढतो, आणि बंद करताना विचारतं त्याला हो म्हणतो.”

मला पहिल्यांदा कळेना. मग हळूहळू उलगडलं. नऊ वर्षांत फिटरने एकही पत्र नव्याने सुरू केलं नव्हतं. संगणकावर वहिनीने टाईप केलेलं तिचं शेवटचं पत्र होतं. तो रोज तेच उघडायचा, त्यात बदल करायचा आणि त्याच्यावरच ठेवायचा. शेकडो पत्रं गेली, पण फाईल एकच होती.

“अहो, मग सोमवारी सही करताना सांगायचं ना!” माझा आवाज चढला. “काही नाही म्हणून सही केलीत तुम्ही!”

“माझं नव्हतंच ना बाई काही,” तो म्हणाला. “तिचं होतं. मी आलो तेव्हा ते मशीनमध्ये होतंच. मला वाटलं, ते मशीनचंच असतं.”

मी संगणकवाल्यांना गाठलं. ते शेवटच्या टेबलाखाली बसून वायरी जोडत होते. मी विचारलं, पुसलेलं परत येतं का. त्यांनी चष्मा वर केला. “आधी सांगितलं असतंत तर काहीतरी केलं असतं. आता त्याच जागेवर सगळं नवीन बसलंय. आणि तुम्ही तर सह्या घेतल्या होत्या, बाई.”

घेतल्या होत्या. मीच घेतल्या होत्या. त्यांनी ते टोचून म्हटलं नाही आणि म्हणूनच जास्त टोचलं. अकरा सह्या गोळा करत फिरताना मी एकाही माणसाला ‘तुम्ही रोज काय करता’ एवढं विचारलं नव्हतं. ते विचारायचं मला सुचलं कधी, तर सगळं पुसून झाल्यावर.

परत आले तर फिटर तिथेच बसलेला. “बाई, भांडार काही वाईट नाही,” तो म्हणाला. “चौदा महिने तर आहेत. साहेबांना सांगा, जमलं नाही.”

“गप्प बसा,” मी म्हटलं. त्याच्यावर नाही, स्वतःवर चिडले होते, पण तोंड त्याच्या दिशेला होतं. “तुमच्या स्थळप्रती कुठे आहेत?”

दर पत्राच्या दोन प्रती निघतात. एक जाते, एक राहते. राहते ती स्थळप्रत. आमच्या ऑफिसात माणसं हरवतात, छत्र्या हरवतात, पण स्थळप्रत हरवत नाही. कपाटातले गठ्ठे मी उतरवायला लागले. फिटर उठला, मला बाजूला केलं आणि खालच्या कप्प्यातून तिसरा गठ्ठा ओढला. दोरी सोडून त्याने मधला एक कागद काढला, तोही न शोधता. तो कागद कुठे आहे हे त्याला नऊ वर्षं माहीत होतं.

वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या कुणा शिक्षिकेला वहिनीने पाठवलेलं उत्तर होतं ते. कडा पिवळ्या झाल्या होत्या. डाव्या कोपऱ्यात ती दोन अक्षरं.

“करा टाईप,” मी म्हटलं.

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

त्याने कागद पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि सुरुवात केली. एक एक अक्षर शोधून, दाबून, वर बघून खात्री करून. पाईपला आटे पाडतानाही त्याचा हात असाच चालायचा म्हणे, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मी स्टुलावर बसून होते. पाच वाजले, लोक डबे उचलून निघाले. ‘पाणी आलं नाही की’ इथपर्यंत तो आला आणि मी पाहिलं, त्याने कागदाकडे बघणं सोडलं होतं. ते वाक्य त्याने तसंच पूर्ण केलं.

मग ‘आपला विश्वासू’ झालं. साहेबांचा हुद्दा झाला. काडी डाव्या कोपऱ्यात जाऊन लुकलुकायला लागली आणि फिटर थांबला.

“बाई, इथे माझी अक्षरं येतात ना?”

“इतकी वर्षं तुम्ही टाकत होतात तीच टाका की.”

“मी कुठे टाकत होतो?” तो म्हणाला. “ती होतीच तिथे. मी फक्त हात लावला नाही.” मग म्हणाला, “आज पहिल्यांदाच टाकायची आहेत. म्हणून विचारलं. नियम काय आहे?”

मला रडू आलं. मी वहीत काहीतरी लिहिण्याचं नाटक केलं. “नियम असा आहे दादा, की पत्र ज्याने टाईप केलं त्याची.”

वरपासून खालपर्यंत त्याने पत्र पुन्हा वाचलं. “मग तिचीच,” तो म्हणाला. “मी नुसतं बघून उतरवून घेतलं.”

आणि दोन बोटांनी त्याने ती दोन अक्षरं टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकवाल्यांना विचारलं, “उघडलं की कोरं पान न येता ठरलेलं पत्रच समोर यावं, असं करता येतं का?” ते म्हणाले, “येतं की. लिब्रेऑफिसमध्ये आपलं पत्र साचा म्हणून ठेवायचं आणि हाच नेहमीचा साचा असं सांगायचं. मग नवीन म्हटलं की तेच येणार, आणि साचा जसाच्या तसा राहणार. पण बाई, ते उघडायला वेळ लागेल हं या मशीनवर. हलकं तुम्हाला आवडलं होतं ना?”

“लागू दे वेळ,” मी म्हटलं. “अकराच्या अकरा मशीनवर तेच टाका.”

साहेबांना मी अहवाल दिला. लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस, कारण, कार्यालयीन पत्रांत एकसारखेपणा राहतो. साहेबांना एकसारखेपणा फार आवडतो. फिटरने त्यांच्यासमोर पत्र उघडलं. ते उघडेपर्यंत साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, पण उघडलं तेव्हा निम्मं काम झालेलंच होतं. नाव, पत्ता, तक्रार एवढंच बदलून त्याने नऊ मिनिटांत प्रत काढून हातात दिली. “ठीक आहे,” साहेब म्हणाले. सहीच्या खाली डाव्या कोपऱ्यात कोण बघतं?

चौदा महिन्यांनी फिटर निवृत्त झाला. जाताना त्याने टेबलाची खालची फळी पुसली, खुर्ची आत सरकवली आणि मला म्हणाला, “येतो बाई.” मशीन चालूच ठेवलं होतं.

त्याच्या जागी बिलांच्या विभागातून एक बाई बदलून आल्या. हुशार आहेत, दहा बोटांनी टाईप करतात. पहिल्याच दिवशी पत्राची प्रत घेऊन माझ्याकडे आल्या.

“मोठ्या बाई, हे कोपऱ्यात काय आहे? नवीन पत्र घेतलं की आपोआप येतं. माझी अक्षरं टाकू ना तिथे?”

मी चष्मा लावला आणि नीट बघितल्यासारखं केलं.

“तुम्ही काय काय टाईप केलंत यात?”

“नाव, पत्ता आणि तक्रार. बाकी सगळं होतंच.”

“मग असू दे,” मी म्हटलं.

त्या बाई आपल्या टेबलाकडे परत गेल्या. थोड्या वेळाने प्रिंटर सुरू झाला आणि दोन प्रती निघाल्या, एक जाणारी आणि एक राहणारी.