उत्तरेश्वर आप्पांची जोंगा

नांदूरघाटच्या फाट्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, ऊसतोडीच्या गाड्या, समोर येईल त्याचं वायरिंग करतो. माझा स्वभाव तिरसट आहे हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून शहाणपण शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. म्हणून उत्तरेश्वर आप्पांच्या वस्तीवर जायचं मी होईल तितकं टाळायचो.

आप्पा फौजेत गाड्यांचे इलेक्ट्रिशियन होते. हवालदार होऊन परत आले आणि काही वर्षांनी लिलावातून एक जोंगा घेऊन आले. जोंगा म्हणजे फौजेची जुनी गाडी, जीपपेक्षा दांडगी, दोन बॅटऱ्यांवर चालणारी. तिचं वायरिंग आप्पांनी स्वतःच्या हाताने नव्याने केलेलं. प्रत्येक वायरीला पत्र्याची बारकी चकती आणि चकतीवर नंबर. माझ्याकडे लाल वायर संपली की मी हिरवी लावून मोकळा होतो. आमचं कधी जमलं नाही ते यावरूनच.

या वेळी फोन त्यांच्या मुलाचा, हरिओमचा आला. तो बीडला मास्तर आहे.

"सोमनाथ, आजच ये बाबा. आज काय ते ठरवायचं हाय."

वस्तीवर पोचलो तर जोंगा लिंबाखाली उभी होती, बॉनेट उघडं. पुढच्या बंपरचे दोन्ही हूक गेल्या महिन्यातल्या पोळ्याला लालभडक हिंगुळाने रंगवलेले. सहा वर्षांपूर्वी यांनी बैल विकले, पण आप्पांच्या कारभारणीला, कडूबाई काकूंना, बिनबैलाचा पोळा सोसेना. तेव्हापासून पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला जोंगाच्या बंपरला हळद-लोणी, पोळ्याला हुकांना हिंगूळ, बॉनेटवर झूल आणि वर पुरणपोळीचा नैवेद्य. सगळी वस्ती हसते. काकू म्हणतात, "हसा. तुमचा ट्रॅक्टर उपाशी हाय, आमची जोंगा न्हाई."

हरिओमने मला बाजूला घेतलं.

"आप्पांचं इसरणं वाढलंय. परवा गॅस चालूच ठेवला. मागं केजहून येताना रस्ता चुकले. आता म्हैना झाला, गाडी चालू होईना. वायरिंग त्यांचंच, आन् त्यांनाच चूक सापडंना. तू बघ. त्यांच्या हातानं काई बिघडलं आसंल, तर गाडी इकून टाकतो आन् दोघांला बीडला नेतो. आसं एकटं कसं ठिवावं सांग?"

पोरगा वाईट नाही. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

आप्पा चाकाला टेकून बसले होते. मांडीवर वही. वहीत रोजची नोंद: आज स्टार्टर टक करून बंद. आज हॉर्न वाजला, दिवे मंद. आज काहीच नाही. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सोमनाथ, चूक माझी निघाली तर झाकू नको. डोकं चालतंय का न्हाई, तेवढं मला कळू दे."

या माणसाचा आवाज मी कधी खाली आलेला ऐकला नव्हता. मग मी निमूट कामाला लागलो.

सुरुवातच नाक कापणारी झाली. माझ्या पिशवीतला टेस्टचा बल्ब ट्रॅक्टरचा, बारा व्होल्टचा. दोन बॅटऱ्यांची चोवीस व्होल्टची गाडी हे माहीत असूनही मी सवयीने लावला आणि तो फट्‌दिशी गेला. मी आप्पांकडे बघितलं. आता ऐकावं लागणार. पण त्यांनी डब्यातून चोवीसचा बल्ब काढून माझ्या हातावर ठेवला, बस्स. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावून मी एकेक वायर तपासत गेलो. फ्यूज, स्विच, स्टार्टरची जाड केबल, हॉर्न. सगळीकडे बल्ब लख्ख पेटत होता. चकतीवर जो नंबर, तो जिथे जायला हवा तिथेच जात होता. कुठे सांधा सैल नाही, टेप सुटलेला नाही. एवढं नेटकं काम मी उभ्या जन्मात केलेलं नाही, आणि त्या दुपारी मला त्याची लाज वाटली. तरी स्टार्टर दाबला की टक, आणि दिव्यांनी माना टाकल्या.

दोन तास गेले. हरिओम घड्याळ बघत होता. आप्पा माझ्या तोंडाकडे.

शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. चिमटा बॅटरीवरून काढून गाडीच्या लोखंडाला लावला. बल्ब जेमतेम मिणमिणला. म्हणजे वीज जायला वाट होती, परत यायला नव्हती. मी माझी जाड केबल काढली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाला. स्टार्टर दाबला. जोंगा एका झटक्यात धडधडायला लागली. लिंबावरचे कावळे उडाले.

आप्पा उठून उभे राहिले.

गाडी बंद करून मी बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी खोलली. बोल्ट घट्ट होता, पट्टी साफ होती. पण पट्टीखाली जिथे उघडं लोखंड असायला पाहिजे, तिथे रुपयाएवढा लालभडक रंगाचा थर होता. एका कडेला बारीक ओरखडा, तेवढ्यावर कधी हॉर्न वाजत होता, कधी दिवे लागत होते.

इथे माझा स्वभाव आडवा आला. दोन तासांचा राग एकदम बाहेर पडला.

"आरं, कुण्या दीडशहाण्यानं अर्थिंगखाली रंग फासलाय?"

बोललो आणि मागे बघितलं. कडूबाई काकू चहाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता. हुकांवरचा हिंगूळ बघूनही माझी जीभ आवरली नव्हती.

आप्पांनी त्या लाल ठिपक्याकडे बघितलं. मग काकूंकडे बघितलं.

"मीच लावला," ते म्हणाले. "पोळ्याला. उघडं लोखंड दिसलं, म्हणलं गंजंल."

हरिओमने डोळे मिटले. "आप्पा," तो अगदी हळू बोलला, "पोळ्याला तुमी अंबाजोगाईला होता. डोळ्याचं आपरेशन झालतं. मीच संगं होतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंस? आता काय करावं?"

आप्पांनी मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही.

मला सगळं कळलं होतं. वायरीला नंबर बांधणारा हा माणूस अर्थिंगखाली रंग लावेल? हात तोडून देईल, पण लावणार नाही. 'चूक तुमची नाही' एवढं ऐकायला तो महिनाभर वहीत नोंदी करत बसला होता. ते हातात आलं आणि त्याने बायकोसाठी सोडून दिलं. मला बोलायचं होतं, पण बोललो तर काकूंचं नाव येणार.

काकूंनी ताट बॉनेटवर ठेवलं.

"रंग मी लावला," त्या म्हणाल्या. "हे दवाखान्यात. गाडी धुवायची म्हणून बॅटरीची पट्टी मीच खोलली, यांचं बघून बघून शिकलेय. खाली लोखंड बोडकं दिसलं. सणाच्या दिशी बोडकं कावून ठिवावं? रंग दिला, वाळल्यावर पट्टी आवळली."

"आगं, गप," आप्पा म्हणाले.

"तुमीच गप बसा." मग त्या लेकाकडे वळल्या. "मला बोलणं बसू नी म्हणून खोटं बोलायलेत. आन् हरी, तू लई शिकलेला हाईस, तूच सांग. इतक्या झटक्यात खोटं बोलायला डोकं ठिकाणावर लागतंय का न्हाई?"

हरिओमने चहाचा कप उचलून आधी आप्पांच्या हातात दिला.

सँडपेपर मी काढला, पण आप्पांनी मागून घेतला. लोखंड चकाकेपर्यंत स्वतः घासलं, पट्टी बसवली, बोल्ट आवळला. मग मला म्हणाले, "आता दाब." दाबला. पहिल्या दमात चालू.

"गाडी राहू द्या," हरिओम म्हणाला. "पर केजला जाताना मायला संगं न्या. रस्ता ती सांगंल."

"आन् गॅस?" काकू म्हणाल्या. "त्यो बी मीच चालू ठिवला, आसं म्हणशील आता."

सगळे हसले. आप्पाही हसले, डोळे पुसत.

निघताना वही चाकाजवळ उघडीच होती. शेवटच्या ओळीची शाई अजून ओली होती. मी वाचली: अर्थिंगमध्ये दोष सापडला. कारण, गंज. दुरुस्त.

गंज कुठेच नव्हता. एरवी मी तिथल्या तिथे चूक काढली असती. त्या दिवशी पिशवी उचलली आणि गप दुकानाकडे आलो.