शेपूट घालणारी पवनचक्की

मित्रांनो, कवठेमहांकाळच्या पुढे जो कोरडा, उघडा माळ पसरला आहे, त्यावर एका घराशेजारी तीस फूट उंचीच्या लोखंडी मनोऱ्यावर मी उभी आहे. घरापुरती वीज निर्माण करणारी मी एक लहानशी पवनचक्की. माझ्या तीन पात्यांपैकी दोन जुनी आहेत आणि एक नवे. त्या नव्या पात्याच्या जागी पूर्वी जे पाते होते, त्याने एका सत्पुरुषाचा उजवा हात नेला. ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही.

माझा जन्म साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, इंद्रजित नावाच्या कारागिराच्या शेडमध्ये झाला. तो जन्म सौम्य नव्हता. सागाच्या फळ्या करवतीने चिरल्या गेल्या, रंध्याने सोलल्या गेल्या. लोखंड ज्वाळेने कापले आणि घणाने ठोकले. तांब्याच्या तारेची वेटोळी वळली. चुंबके तर एकमेकांवर अशी त्वेषाने झेपावत, की एकदा इंद्रजितचे बोट त्यांच्यामध्ये सापडले आणि रक्ताची धार चुंबके बसवायच्या माझ्या चाकावर सांडली. सर्वांत शेवटी त्याने मला शेपूट दिली.

या शेपटीविषयी थोडे सविस्तर सांगते. ती पत्र्याची असून तिरक्या बिजागरीवर सैल बसवलेली आहे. वारा मध्यम असतो तेव्हा ती माझे मुख वाऱ्यासमोर धरते. वारा उन्मत्त झाला की ती दुमडते, मी तोंड बाजूला वळवते आणि पात्यांचा वेग उतरतो. मला न्यायला जे गृहस्थ आले होते, त्यांना इंद्रजित हात जोडून म्हणाला, "सुभेदार, बाकी कुठंबी हात लावा, पण ह्या शेपटीला लावू नका. हिची सगळी अक्कल तिथं हाय."

ते गृहस्थ म्हणजे नाथाजी, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. माळावरच्या त्यांच्या घरापर्यंत विजेचे खांब आले नव्हते. पत्नी दगडाबाई खुब्याचे हाड मोडल्यामुळे खाटेला खिळलेल्या. उन्हाळ्यात पत्र्याखाली त्यांचा जीव कासावीस होई. त्यांच्यासाठी एक पंखा आणि चार दिवे, एवढ्याच कारणाने मला येथे आणले गेले. पुत्र शिवतेज सीमेवर होता. त्याची पत्नी पल्लवी इस्लामपूरला विजेचे तारकाम शिकलेली. माझ्या तारा तिनेच जोडल्या, बॅटऱ्या तिनेच मांडल्या. पहिल्या दिवशी पंखा फिरला तेव्हा दगडाबाई म्हणाल्या, "एक सून भाकरी घालती, आन् ही दुसरी वारा घालती. म्या काय पाप केलंय म्हनून एवढं सुख?"

दोन वर्षे मी निष्ठेने सेवा केली. दसऱ्याला माझ्या पायाशी हळदकुंकू वाहिले जाई. आसपासच्या वस्त्यांवरची माणसे मान वर करून मला पाहत आणि सुभेदारांची छाती भरून येई.

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठात वाऱ्याला जोर चढला आणि मी माझ्या धर्माप्रमाणे शेपूट दुमडून तोंड वळवले. त्याच वेळी दादासो, शेजारच्या वस्तीवरचा मेंढपाळ, चार सोबत्यांसह खालून चालला होता. त्याने वर पाहिले आणि मांडीवर थाप मारली.

"आवं सुभेदार! तुमच्या पंख्यानं शेपूट घातली की!"

सोबती खदाखदा हसले. दादासोला आणखी चेव आला. "फौजीचा पंखा म्हनायचा, आन् वारा दिसला की पाठ दावतोय व्हय? लय शूर हाय गड्या!"

मित्रांनो, शेपूट घालणे म्हणजे भ्याडासारखी माघार घेणे, हे तुम्ही जाणताच. माझी शेपूट खरोखरच दुमडते, म्हणून तो शब्द तेथे नेमका बसला. ज्या घराण्यात तीन पिढ्या लष्करात गेल्या, त्याच्या अंगणात तो शब्द बंदुकीच्या गोळीसारखा शिरला. सुभेदारांचा चेहरा काळवंडला. त्यांनी हातातली काठी दादासोच्या दिशेने भिरकावली. ती त्याच्या कानाजवळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मनोऱ्यावर चढले. माझ्या बिजागरीतून आरपार छिद्र पाडून त्यांनी त्यात पोलादी बोल्ट ठोकला आणि त्यावर दोन नट आवळले. लोखंडाचा कीस माझ्या अंगावर गळत होता. खालून पल्लवी कळवळून म्हणाली, "मामा, तेवढा बोल्ट काढा. मोठा वारा आला तर हिला वळायला जागा न्हाई."

"वळू नये म्हनूनच मारलाय," सुभेदार म्हणाले.

"आवं, पर ती मोडंल!"

"मोडू दे. पळालेली दिसायची न्हाई."

पल्लवीने तीन वेळा विनवले. चौथ्या वेळी सुभेदारांनी जेवणाचे ताट भिंतीवर फेकले. त्यानंतर ती बोलली नाही. मात्र रोज माझ्याकडे पाहून मगच कामाला लागे.

आषाढात, भर दुपारी, पश्चिमेकडून तो प्रभंजन आला. पाऊस नव्हता, केवळ धूळ आणि गर्जना. बाभळी मुळासकट उपटल्या जात होत्या. माझी पाती असा आक्रोश करू लागली, की मला स्वतःचेच भय वाटले. मी वळू पाहत होते. सारे बळ एकवटून शेपटीला ओढत होते. बोल्ट हलला नाही.

पल्लवीने घरात धावत जाऊन मला थांबवण्याचा खटका ओढला. एरवी त्याने माझी गती आवरते. पण त्या वेगात माझी तांब्याची वेटोळी पेटली, काळा धूर निघाला आणि तो लगामही तुटला. पुढच्याच क्षणी माझ्या एका पात्याचा अर्धा भाग निखळून गोठ्याच्या पत्र्यातून आत घुसला. खाली उभा असलेला बैल मान चिरली जाऊन कोसळला. त्याचा हंबरडा अर्धाच बाहेर पडला.

आता माझा तोल गेला होता. प्रत्येक फेऱ्याला मनोरा हिसडे खाऊ लागला. त्याला ताणून धरणाऱ्या चार दोरांपैकी एक दोर खुंट्यासकट जमिनीतून उखडला आणि चाबकासारखा फिरून अंगणातले रांजण फोडून गेला. मी घराकडे झुकले. घरात खाटेवर दगडाबाई होत्या. पल्लवी त्यांना काखेत धरून ओढत होती, पण त्यांचे पाय उंबऱ्याशी अडकले होते.

सुभेदारांनी ते पाहिले. पाना दातांत धरून ते वर चढू लागले.

"म्हाताऱ्या, उतर खाली!" दगडाबाई किंचाळल्या. "घर जाऊ दे! मी जाऊ दे! तू ऱ्हा रं!"

त्यांनी कंबरेचा पट्टा मनोऱ्याला अडकवला. धुळीने डोळे मिटलेले, कपाळावरून रक्त वाहते आहे, अशा स्थितीत त्यांनी एक नट काढला, मग दुसरा. पान्याच्या पाठीने त्यांनी बोल्टवर घाव घातला. एक, दोन, पाच. सहाव्या घावाला तो सुटला.

मी वळले. मित्रांनो, ज्याने मला मोकळे केले त्याचा हात अजून तेथेच होता. वळताना माझे मोडके पाते त्यांच्या मनगटावरून गेले.

मनोरा सावरला. वेग ओसरला. घर वाचले. सुभेदार पट्ट्याला लोंबकळत होते आणि त्यांचे रक्त वाऱ्याने उडून भिंतीवर शिंपडत होते. पल्लवी वर चढली. तिने ओढणीने त्यांचा दंड आवळून बांधला आणि त्यांना पाठीशी बांधून एकेक पायरी उतरवले. धावत आलेल्या दादासोने वस्तीवरच्या जीपमधून त्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेले. हात वाचला नाही.

महिन्याने सुभेदार अंगणात येऊन बसले. दादासो आला आणि त्याने डोक्यावरचा पटका त्यांच्या पायांवर ठेवला.

"सुभेदार, माज्या जिभेनं तुमचा हात गेला. ह्या कैदाशिणीला भंगारात घाला. मी नेतो वजनकाट्यावर."

"पटका उचल," सुभेदार म्हणाले. "जीभ तुझी, पर बोल्ट मी मारला. तिनं काय केलं? ती पयल्यापास्नं वळायचंच म्हनत हुती."

पल्लवी चहा घेऊन आली होती. ती हलकेच म्हणाली, "मामा, एक इचारू? परेडला 'पीछे मुड' म्हटलं की तुमी वळत हुता का न्हाई?"

"वळायचोच की. हुकूम असतोय त्यो."

"तवा कोन म्हनायचं का, सुभेदारानं पाठ दावली?"

सुभेदारांनी डाव्या हाताने चहा घेतला. मग दादासोकडे पाहून म्हणाले, "ही पोरगी पलटनीत असती, तर माज्या वरच्या हुद्द्यावर गेली असती गड्या."

इंद्रजितने येऊन मला नवे पाते आणि नवी वेटोळी दिली. बिजागरीतले छिद्र त्याने बुजवले. त्याचा गोल व्रण माझ्या अंगावर आहे. दगडाबाईंचा पंखा पुन्हा फिरू लागला आहे. वारा माजला की मी निःसंकोच तोंड वळवते.

मित्रांनो, तुमच्या घरीही वारा, ऊन वा पाणी यांच्यावर चालणारे एखादे यंत्र येईल. त्याला नियमाने तेल द्या, त्याचे नट तपासा, आणि ज्याने ते घडवले त्याचे शब्द विसरू नका. यंत्राला अब्रू नसते. तुमची अब्रू त्याच्या गळ्यात बांधू नका. जो भाग सैल ठेवला आहे, तो सैलच राहू द्या.

मनोऱ्याच्या पायाशी इंद्रजितने आता खीळ बसवली आहे, म्हणून दर अमावास्येला पल्लवी कप्पीने तो जमिनीवर आडवा उतरवते. सुभेदार शेजारी बसून माझ्या शेपटीच्या बिजागरीला स्वतः वंगण लावतात. डाव्या हाताला पाना अजून नीट पेलत नाही. तो निसटून दगडावर पडतो. पल्लवी उचलून द्यायला वाकते, पण ते तिला थांबवतात आणि तो स्वतःच पुन्हा उचलतात.