आजारी सरांचा काढा

मी आजारी पडलो की ते मलाच सगळ्यात शेवटी कळतं. परीक्षा जवळ आली की गणिताच्या फेई बाई पहिलीच्या वर्गात चेहरा पाडून सांगतात, "पीटीचे छ्यू सर आज आजारी आहेत. गणिताची पुस्तकं काढा." झालं, माझा तास गेला. मी तेव्हा खाली मैदानावर उड्यांच्या दोऱ्यांच्या गाठी सोडवत ठणठणीत उभा असतो. आमच्या शियांगयांग शहरातच काय, सगळ्या देशात पीटीचे सर असेच आजारी पडतात. मोठ्या वर्गातली पोरं गालात हसतात आणि मुकाट पुस्तक उघडतात.

या खेपेला मात्र माझं डोकं फिरलं. पोरं दिवसभर बाकाला चिकटलेली. सुट्टीतही खाली सोडत नाहीत. पडली तर पालक भांडायला येतात. त्यातच ती पहिलीतली शुए रुओनिंग. तिचं दप्तरसुद्धा आजी फाटकापर्यंत उचलून आणते. शाळा सुरू झाल्यापासून तिला दोरीवरची एक उडी जमत नव्हती. आदल्या गुरुवारी पहिल्यांदा दोरी पायाखालून गेली, तशी ती दचकून खालीच बसली. "सर, गेली! पुढच्या गुरुवारी दोन मारते!" नेमका तोच गुरुवार फेई बाईंनी खाल्ला.

मी तडक त्यांच्याकडे गेलो. "बाई, निदान आजार तरी सांगून ठेवा. कोणी विचारलं तर खोकू की लंगडू?"

"चेष्टा पुरे, छ्यू सर," त्या मान चोळत म्हणाल्या. वह्या तपासून त्यांची मान कायम आखडलेली. "मार्क कमी पडले तर पालक माझा गळा धरतात. उड्या कमी पडल्या म्हणून कोणी येतं का?"

"एका पोरीच्या दोन उड्या राहिल्या आहेत, बाई."

"परीक्षेनंतर मारू दे."

मी खाली आलो. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी खेळाच्या साहित्याच्या खोलीत लालभडक तिखट नूडल्सचं वाडगं घेऊन बसलो होतो. दारात रुओनिंग आली, मागे अर्धा वर्ग. तिच्या हातात थर्मास. पहिलीचीच पोरं ती, त्यांना हा विनोद कुठला ठाऊक! त्यांनी सगळं खरं धरलं होतं.

"उठू नका सर. आजीने काढा दिलाय. कडू आहे, पण नाटकं करायची नाहीत, प्यायचा."

"आणि हे तिखट कोणी खायला सांगितलं?" मागून एकजण डाफरला. "आजाऱ्याला पेज देतात!"

वाडगं जप्त झालं. खरं सांगावं तर बाई खोट्या पडणार. मी डोळे मिटून काढा घशात ओतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि पोरांची खात्रीच पटली.

"कशाने आजारी पडलात?" रुओनिंगने विचारलं.

"बसून बसून," मी म्हणालो. "गुरुवारी तुमच्याबरोबर पळालो नाही ना."

तिने क्षणभर विचार केला आणि कोपऱ्यातली दोरी उचलली. "मग आत्ताच चला."

मैदानावर तिची एक उडी गेली. दुसरीही गेली! तिसरीला पाय अडकला, पण तिला त्याचं काही नव्हतं. "सर, आता बरं वाटतंय?"

"खूप," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

तेवढ्यात फेई बाई धापा टाकत आल्या. "कोणाला विचारून खाली आलात?"

"बाई, सर आजारी आहेत असं तुम्हीच सांगितलंत ना?" रुओनिंग म्हणाली. "बघा, आम्ही बरं केलं!"

बाईंनी तिच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी खोकलो. "घंटा झाली की वर या," एवढंच म्हणून त्या गेल्या.

पुढच्या गुरुवारी गणिताच्या तासाला पोरांची झुंड जिन्यावरून धडाधड खाली आली. "सर, फेई बाई आजारी आहेत! त्यांनीच सांगितलं. त्यांचा तासही तुम्हालाच!"

वर पाहिलं तर खिडकीत बाई ठणठणीत उभ्या, आणि शेजारी रुओनिंग थर्मासचं झाकण उघडतेय. मी पुन्हा आजारी पडू नये म्हणून ती काढा रोज आणत होती. बाईंनी केविलवाण्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"नाटकं करायची नाहीत, बाई!" मी खालून ओरडलो. "प्यायचा!"

बाई नाक दाबून काढा प्यायल्या. मग रुओनिंग त्यांना हाताला धरून मैदानावर घेऊन आली आणि माझ्याकडची दोरी त्यांच्या हातात देत म्हणाली, "सर, ह्यापण बसून बसूनच आजारी पडल्यात."