वेळूच्या बोळातली राखण

रेणुकाबाई पार मेटाकुटीला आली होती. नवरा झोपत नव्हता, म्हणून तिलाही झोप नव्हती. प्लेगच्या साथीत थोरला दीर मडिवाळप्पा गेला, मागोमाग मेंढरं विकली, आणि तेव्हापासून हा इरप्पा रात्रभर काठी घेऊन रिकाम्या मेंढवाड्याभोवती फिरायचा. एकदा तर तिनं त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. आळंदच्या हकिमाचा काढा झाला, देवाला नारळ झाला. आता साऱ्या गावानं एकच धोशा लावला होता, "वेळूच्या बोळात ने गं त्याला. तितं भल्याभल्यांना झोप लागती."

आणला बाई! ओढ्याच्या दोन्ही काठांचे वेळू वर एकमेकांत गुंतलेले, खाली गारवा. वारा सुटला की सळसळ, मधूनच कांड्यावर कांडं घासून बारीक कुईं कुईं. उन्हातून चालून आलेल्या रेणुकाबाईच्या पापण्या आत शिरताच जड झाल्या. इरप्पा मात्र काठी आवळून टक्क जागा.

"निजा की वो जरा," ती काकुळतीनं म्हणाली.

"कसा निजू? अण्णा आला न्हाई अजून."

तिला संतापच आला. मेलेल्या माणसाची वाट बघायलाय हा! पण त्याच्या हातातल्या काठीकडे बघून तिला एकदम उमगलं. कळपाची राखण करणारा आपल्या मनानं निजत नाही. दुसऱ्यानं यायचं, त्याच्या हातातली काठी घ्यायची, 'सोड' म्हणायचं, तेव्हा त्याची सुटका. धनगरांची रीतच ती. इरप्पा राखणीवर असतानाच मडिवाळप्पा तापानं फणफणला होता. काठी घ्यायला कुणी आलंच नव्हतं. आणि आपण सारे शहाणे त्याला काढे पाजत बसलो!

बाईनं राखणीची काठी धरायची नसते. रेणुकाबाईनं पदर खोचला आणि धरली.

"सोडा. आता माजी पाळी."

"जमल व्हय तुला? डुलकी लागल."

"न्हाई लागत. सोडा म्हनते न्हवं!"

त्याची बोटं सुटली. वाळल्या पाल्यावर तो आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला. रेणुकाबाईला रडूच कोसळलं.

पुन्हा वारा आला. वेळू सळसळले, अंग कसं सैल पडायला लागलं. एवढ्याच झोपेसाठी ती इथवर तंगडतोड करत आली होती. तिनं दंडाला करकचून चिमटा काढला. आपल्या हातातली काठी घ्यायला कोण येणार, हे तिनं मनात येऊच दिलं नाही. बसलं तर डोळा लागेल, म्हणून ती उभीच राहिली.